'हे उघड आहे'

हे मी कित्येक वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, आणि दर गुरुवारी ज्याच्यापुढे हात जोडून उभा राहायचो त्या दत्तालाही नाही.

एम.एस्सी. झाल्यावर मी बँकेत लागलो, माझा वर्गमित्र मोहन घाटकोपरला एका शाळेत शिक्षक झाला. नोकरी लागली की गणित सुटतं. आमचं सुटलं नाही. रविवारी सकाळी मी मुलुंडहून त्याच्या घरी जायचो आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर मूळ संख्यांचा एकच प्रश्न आम्ही वर्षानुवर्षं घोळवत बसायचो. बहुतेकदा हाती काही लागायचं नाही. पण एखादी पायरी जुळली की दोघंही वेड्यासारखे हसायचो. वहिनी पोहे पुढे ठेवत म्हणायच्या, "सापडला का तुमचा एक्स? मग त्यालाच पाठवा दळण आणायला." त्या घरात मी जितका सुखी होतो तितका दुसरीकडे कुठेच नव्हतो.

एकदा मी एक पायरी घरून लिहून नेली. मधली एक ओळ मला काही केल्या सिद्ध होत नव्हती. तिथे मी लिहून टाकलं, 'हे उघड आहे.' मोहन माझ्यापेक्षा हुशार. त्याच्यासमोर अडलो म्हणायची लाज वाटली. त्याने विचारलं, "तू नीट बघितलंयस ना? मग झालं." पुढची आठ वर्षं तो त्या ओळीवर रचत गेला. मी रविवार चुकवायला लागलो. कधी ऑडिट, कधी बायकोचं दुखणं. गणिताची वही दिसली तरी ती कपाटात मागे सारायचो.

मग मोहनला कर्करोग निघाला, तोही फार उशिरा. मी हॉस्पिटलात जायचो, इकडचंतिकडचं बोलायचो आणि परत यायचो.

त्याच दिवसांत आमच्या दत्तमंदिरात पारायण होतं. वाचायची पाळी माझी होती, मन भलतीकडेच होतं. मागे एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांना मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. त्यांची दृष्टी गेलेली होती. ते मध्येच म्हणाले, "थांब बाळा. एक ओवी गाळलीस."

"अध्याय संपतच आलाय काका. पुढे जाऊ?"

"नाही रे. मागे जायचं. ती वाचल्याशिवाय पुढचं वाचलेलं धरत नाहीत."

रीत मला लहानपणापासून ठाऊक होती. मागे गेलो. ती ओवी वाचताना अक्षरं दिसेनात. अध्याय पुरा केला, पोथी दुसऱ्याच्या हाती दिली आणि तडक हॉस्पिटल गाठलं. त्या गृहस्थांना नमस्कार करायचा राहिला. नंतर ते कधी दिसले नाहीत.

मोहन जागा होता. म्हटलं, "ती ओळ उघड नव्हती रे. मला येत नव्हती."

तो म्हणाला, "माहितीये. तीन वर्षं झाली."

"मग बोलला का नाहीस?"

"तू यायचाच बंद झाला असतास. आधीच किती कमी यायचास." थोडा दम घेऊन म्हणाला, "खोटी नसावी ती. कर सिद्ध. पण परत उघड आहे म्हणून लिहू नकोस, साल्या."

चार दिवसांनी तो गेला.

दत्ताने काय केलं, काय नाही, हे मी कोणाला पटवायला बसणार नाही. एका अनोळखी माणसाच्या तोंडून त्याने मला मागे वळवलं, आणि वेळ संपण्याआधी वळवलं, एवढ्याचे आभार मी जन्मभर मानीन. 'मला येत नाही' हे तीन शब्द त्याच्या पायाशी ठेवणं म्हणजेच शरण जाणं, हे समजायला पन्नाशी उलटावी लागली. वहिनींनी ती कॅलेंडरची पानं मला दिली आहेत. रविवारी सकाळी ती पसरून बसतो. कधीकधी जुना आनंद होतो, आणि हसायला समोर कोणी नसतं.

मोहनची आठ वर्षं मी परत देऊ शकत नाही. पण त्या एका ओळीची सिद्धता मी त्याला देणं लागतो. ती अजून झालेली नाही.