मार्लिसची चिकटपट्टी

माझ्या नवऱ्याच्या टोपीवर एका ट्रॅक्टर कंपनीचं नाव आहे. टोपी जुनी, नाव त्याहून फिकट. पण त्या गुरुवारी माझी नणंद मार्लिस घाईघाईत समोरून आली, थांबली, तिने खिशातून काळ्या चिकटपट्टीचं रीळ काढलं आणि सरळ त्या नावावर पट्टी ओढली. टोपी ड्वेनच्या डोक्यावरच होती.

"अगं, सख्खा भाऊ आहे मी तुझा," ड्वेन म्हणाला.

"रविवारपर्यंत मला भाऊ नाही. तू दारावरचा स्वयंसेवक आहेस, आणि स्वयंसेवकाच्या अंगावर जाहिरात चालत नाही."

"मग रविवारपर्यंत जेवायलाही येऊ नकोस," मी म्हटलं.

"येणारच नव्हते, आर्डिस. वेळ कुणाला आहे?" असं म्हणून ती पुढे गेलीसुद्धा.

आमच्या टॅमरॅकसारख्या गावाला असलं काही कधी मिळत नाही. देशभरातल्या छोट्या कॉलेजांच्या मुलींची आइस हॉकीची अजिंक्यपद स्पर्धा, शेवटचे चार संघ, आणि यजमान आमचं कॉलेज. व्यवस्थापक अर्थातच मार्लिस. कॉलेजच्या क्रीडा विभागात तिचा जन्म गेला. या वर्षी ती निवृत्त होणार होती आणि जाता जाता ही स्पर्धा तिने अक्षरशः खेचून आणली होती. बसगाड्या कुठे लावायच्या, कुठल्या संघाने बर्फावर सरावाला कधी उतरायचं, पंचांना कॉफी कोण देणार, राष्ट्रगीत कोण म्हणणार आणि तिचा घसा बसला तर मग कोण म्हणणार, सगळं तिच्या डोक्यात. माझ्याकडे दोन कामं होती. पाहुण्या संघांसाठी चर्चच्या बायकांकडून बटाट्याचे हॉटडिश, म्हणजे मांस आणि बटाटे थापून भट्टीत भाजलेले मोठे ट्रे, करून घ्यायचे आणि सामन्याच्या वेळी घड्याळाचं बटण सांभाळायचं. दुसरं काम सोपं आहे. पहिल्यात मैत्रिणी तुटतात.

स्पर्धेचा नियम असा, की मैदानात यजमानाचं नाव किंवा कुणाचीही जाहिरात दिसता कामा नये. मैदानाच्या कडेच्या फळ्यांवर आमची बँक, आमचा खाटीक, आमचा अंत्यविधीवाला अशा सगळ्यांच्या जाहिराती असतात. त्या पांढऱ्या कापडाने झाकल्या. कॉलेजचं नाव झाकलं. इथवर ठीक होतं. पण मार्लिसने बायकांच्या मुतारीतल्या हात वाळवायच्या यंत्रावरचं नाव झाकलं. केचपच्या बाटल्या झाकल्या. बुधवारी उचलगाडीच्या पाळण्यात उभी राहून ती थेट छतापर्यंत गेली आणि दोन्ही गोलांच्या वर टांगलेल्या कॅमेऱ्यांच्या डब्यांवरही पट्ट्या मारून आली, कारण तिथे बनवणाऱ्याचं नाव होतं. ते नाव वाचायला गरुडाचे डोळे लागले असते.

"कोण बघणार आहे तिथे?" मी खालून ओरडले.

"मी बघितलं ना!" वरून उत्तर आलं.

तिच्या या काटेकोरपणाला आम्ही हसतो, पण त्याचं मूळ मला ठाऊक आहे. मार्लिस या कॉलेजच्या मुलींच्या पहिल्या संघात होती. तेव्हा तो संघ म्हणजे कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या अकरा मुली. बर्फ मिळायचा पहाटे, मुलांचे सराव सुरू व्हायच्या आत. कपडे बदलायला बॉयलरची खोली, पोशाख मुलांचे टाकलेले. अशा संघाने कुठली स्पर्धा जिंकायची? पुढे संघ मोठा झाला, चांगला झाला, दोनदा उपांत्य फेरीत गेला आणि दोन्ही वेळा हरून आला. एकदा माझ्या स्वयंपाकघरात बसून मार्लिस म्हणाली होती, "आर्डिस, एकदा, फक्त एकदा तो चषक आपल्या मुलींच्या हातात बघितला की मी गप्प घरी बसेन." ती गप्प बसेल यावर माझा विश्वास नव्हता, पण बाकीचं तिने मनापासून सांगितलं होतं.

आणि या वर्षी आमच्या मुली अंतिम फेरीत आल्या. आपल्याच गावात.

समोर देशाच्या पूर्व टोकाच्या मेन राज्यातलं पेनॉक कॉलेज. पेनॉकचं मानांकन आमच्यापेक्षा वरचं होतं. नियमाप्रमाणे ज्याचं मानांकन वरचं तो 'घरचा' संघ. म्हणजे घरच्या संघाची खोली पेनॉकची, आणि आमच्या मुलींनी स्वतःची खोली सोडून समोरच्या पाहुण्यांच्या खोलीत जायचं. त्या खोलीला ओल्या मोज्यांचा वास येतो आणि तो कुठल्याच औषधाने जात नाही. आमची प्रशिक्षक ट्रूडी मार्लिसला भेटायला आली तेव्हा मी तिथेच होते.

"मार्लिस, पेनॉकवाल्यांना काय फरक पडतो? कुठेही बदलतील."

"मग तुलाही पडू नये."

"माझ्या पोरी चार वर्षं त्या खोलीत बसल्यात गं!"

"मी बॉयलरच्या खोलीत बसले होते. ट्रूडी, ऐक. या चार दिवसांत कुणी म्हणता कामा नये की टॅमरॅकने घरात बोलावलं आणि घरचा फायदा उठवला. सामान दुपारपर्यंत हलव."

ट्रूडी दार आपटून गेली. मार्लिसच्या गळ्यात अधिकाऱ्याचा निळा बिल्ला होता, आणि तो असला की टाळी वाजवायची नाही, ओरडायचं नाही, कुणा एका बाजूचं दिसायचं नाही, असा तिने स्वतःलाच दंडक घातला होता. चार दिवस तिने आमच्या मुलींकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. एकदाच तिचा तोल गेला. रविवारी अंतिम सामन्याआधी मुली अंग गरम करायला बर्फावर उतरल्या तेव्हा ती काचेशी उभी राहिली आणि बघत राहिली. केंड्रा लाहती, आमची गोलकीपर, या टोकाच्या गोलात गुडघ्यावर बसून, या खेळात चेंडूऐवजी असते ती रबरी चकती, एकेक करून अडवत होती. मार्लिस नुसती बघत होती. मी हाक मारली नाही. मला वाटलं, बघू दे बिचारीला.

सामना दुपारी सुरू झाला. आख्खं गाव आत कोंबलेलं होतं, अंत्यविधीवाल्यासकट. तिसऱ्या आणि शेवटच्या सत्रात आम्ही दोन-एकने पुढे होतो आणि पाच-सहा मिनिटं उरली होती. माझा अंगठा बटणावर. मागे मार्लिस वॉकीटॉकी घेऊन दगडासारखी उभी.

तेवढ्यात पेनॉकच्या एका मुलीने जोरात फटका मारला. चकती गोलाच्या वरच्या दांडीवर टणकन आपटली, खाली आली आणि बाहेर उडाली. रेषेच्या आत पडून बाहेर आली की रेषेवरूनच परतली, देव जाणे. महिला पंचाने दोन्ही हात आडवे हलवले, गोल नाही. पेनॉकचे प्रशिक्षक थेरिओ यांनी चित्रफीत तपासायची मागणी केली. पंच आमच्या टेबलापाशी आली, पडद्यासमोर वाकली, तंत्रज्ञाने गोलाच्या वरच्या कॅमेऱ्याचं चित्र लावलं.

पडद्यावर काळोख.

कडेला फक्त बर्फाची एक पांढरी कोर दिसत होती. तंत्रज्ञाने बटणं दाबली, तारा हलवल्या. मी वर पाहिलं. छताच्या त्या गारठ्यात मार्लिसच्या चिकटपट्टीचं टोक सुटलं होतं आणि कॅमेऱ्याच्या काचेवर लोंबत होतं. प्रेक्षकांतून घेतलेल्या दुसऱ्या चित्रात नेमकी केंड्राची पाठ आडवी आली होती. पंचाने मान हलवली. दिसत नसेल तर पहिला निर्णय कायम. गोल नाही.

आख्खं गाव नाचायला लागलं. मी मार्लिसकडे पाहिलं. तिचा चेहरा बर्फाहून पांढरा झाला होता.

तिला गप्प राहता आलं असतं. तार बिघडली असेल, असंच सगळे धरून चालले होते. पण ती पंचासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ती पट्टी माझी आहे. मी लावली. आणि सामन्याआधी कॅमेरा तपासायचं काम माझं होतं, ते मी आज केलं नाही." म्हणजे ती काचेशी मुलींकडे बघत उभी होती तेव्हाच ते राहिलं. मग तेच सांगायला ती पेनॉकच्या बाकापाशी गेली. आमच्या टेबलाला लागूनच तो बाक, त्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू आला.

थेरिओ ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तुमचं घर, तुमची पट्टी, तुमचा चषक," ते म्हणाले. "छान व्यवस्था आहे, बाई."

बाकावरच्या सगळ्या मुली मार्लिसकडे बघत होत्या. ती परत येऊन माझ्या मागे उभी राहिली.

"मला भरून काढता येत नाही हे," ती पुटपुटली. "आर्डिस, आता जिंकलो तर तो चषक माझ्याच्याने बघवणार नाही."

"काहीतरीच काय. रेषेवरूनच परतली असेल चकती."

"असेल. पण ते आता कुणाला कळणार आहे का?"

मी घड्याळ सुरू केलं. इतकी वर्षं बटण दाबते आहे, पण घड्याळाचा राग मला त्या दिवशी पहिल्यांदा आला. मला आमच्या मुली जिंकायला हव्या होत्या, का नकोत? आणि माझ्या मागे ही बाई, जिने आयुष्यभर एकच गोष्ट मागितली, ती हातातोंडाशी आली होती आणि तिला ती तोंडात घालवत नव्हती. टॅमरॅकने फसवून जिंकलं, असं देशभर म्हणणार होते, आणि म्हणणाऱ्यांकडे तिच्या नावाची पट्टी होती. आमच्या मुलींनी काय पाप केलं होतं? त्यांच्याही गळ्यात तोच शिक्का पडला असता.

शेवटच्या मिनिटात पेनॉकने गोलकीपर बाहेर काढून एक जास्तीची खेळाडू आत घातली. चकती आमच्या गोलासमोर नुसती उकळत होती. केंड्राने एक पायाने अडवली, एक छातीवर घेतली, एकीवर तर ती आडवीच पडली आणि तरी हातमोजा वर काढला. मग त्यांची सतरा नंबरची एक बुटकी मुलगी उजवीकडून सुटली आणि तिने केंड्राच्या खांद्यावरून चकती अशी मारली की गोलाची जाळी मागून फुगली. चकती जाळीतच पडून राहिली. ती बघायला कॅमेरा नको होता, चष्मासुद्धा नको होता. दोन-दोन.

आख्खं मैदान मेल्यासारखं गप्प झालं आणि त्या शांततेत माझ्या मागून आवाज आला, "हुश्श." मोठ्ठा, पोटातून. मी वळले. मार्लिस दोन्ही हातांनी माझी खुर्ची धरून उभी होती, डोळे मिटलेले, आणि चेहऱ्यावर बाळंतिणीला पहिल्यांदा गाढ झोप लागावी तसं सुख. तिचा जीव भांड्यात पडला होता. दारावरून ड्वेन धावत आला. त्याला वाटलं, बहिणीला हृदयाचा झटका आला.

"काय झालं? डॉक्टर बोलवू?"

"बोलवू नकोस," मी म्हटलं. "आत्ताच बरी झाली ती."

जादा वेळेत आम्ही हरलो. तोही गोल स्वच्छ, कुणाला शंका घ्यायला जागा नाही. मी रडले, आमचा खाटीक रडला, राष्ट्रगीत म्हणणारीचा घसा शेवटी रडून बसला. मार्लिसने पेनॉकच्या कर्णधाराच्या हातात चषक दिला. थेरिओ तिच्यापाशी आले, टोपी काढली आणि म्हणाले, "मघाशी मी बोललो ते परत घेतो. तुम्ही सांगितलं नसतंत तर मला कळलंही नसतं."

"परत घेऊ नका," मार्लिस म्हणाली. "चूक माझीच होती. हॉटडिश खाऊन जा. उरलं तर आर्डिस मला आठवडाभर तेच घालेल."

नंतर मी तिच्याबरोबर त्या ओल्या मोज्यांच्या वासाच्या खोलीकडे गेले. केंड्रा बाहेर जमिनीवरच बसली होती, पायांना जाड पॅड तसेच, केस ओले, नाक लाल. मार्लिसला बघून ती उठायला लागली.

"माफ करा. तुमच्यासाठी तरी जिंकायचं होतं आम्हाला."

मार्लिस गुडघे धरून हळूहळू तिच्याशेजारी जमिनीवर बसली. "पोरी, तो दुसरा गोल झाला ना, त्याबद्दल मी जन्मभर तुझी ऋणी आहे."

केंड्राचे डोळे एकदम पेटले. रडू कुठल्या कुठे गेलं. "मी तो सोडला नव्हता हं! तुम्हाला तसं वाटत असेल तर सांगून ठेवते. जीव तोडून अडवायला गेले होते मी. तिने मारलाच तसा!"

"माहीत आहे मला," मार्लिस म्हणाली. "म्हणून तर."

मग तिने गळ्यातला निळा बिल्ला काढला, माझ्या हातात दिला आणि त्या घामेजल्या पोरीला मिठी मारून ती इतक्या मोठ्याने रडायला लागली, की आतल्या सगळ्या मुली दार उघडून बाहेर आल्या.