आधी बिबट्या दाखवायचा नाही

बानूबाईची बिबट्याची गोष्ट रंगली आणि मध्येच कुणी उठून गेलं, असं पिंपळवंडीत कधी घडलं नाही. चुलीवरचं दूध उतू गेलं तर गेलं, पण ऐकणारी बाई जागची हलायची नाही. बानूबाई म्हणजे शाळेची पायरी न चढलेली, पन्नाशी उलटलेली धनगराची बाई. जुन्नर-आंबेगावची शिवारं तुडवण्यात तिचा जन्म गेला. ज्याचं रान मोकळं, त्याच्या रानात मेंढरं बसवायची. लेंड्यांचं खत त्याला, मुक्काम हिला.

गोष्ट तिच्या स्वतःवर गुदरलेली होती. अकरा वर्षांमागं निरगुडसरच्या रानात दिवेलागणीला उसातून बिबट्या आला आणि तिचा कुत्रा टिपू त्याच्या अंगावर धावून गेला. एकही मेंढरू गेलं नाही. टिपू मात्र उसातून परत आला नाही.

तिचा भाऊ धर्माजी. त्याची लेक स्नेहल पुण्यात सिनेमाचं शिकते. तिनं या गोष्टीवर दहा मिनिटांचा सिनेमा केला आणि त्यात आत्यालाच उभं केलं. भैरवनाथाच्या यात्रेत तमाशाआधी तो पडद्यावर दाखवायला यात्रा कमिटीनं होकारही दिला. यात्रेला आठवडा असताना स्नेहलनं तो लॅपटॉपवर पप्पूच्या ओट्यावर आत्याला आणि चारचौघांना दाखवला. पप्पू म्हणजे शेजारचा कांदेवाला शेतकरी, तोंडाचा फटकळ.

सुरुवातीलाच बिबट्या. कुठल्याशा व्हिडिओतून उचललेला, जबडा वासून डरकाळी फोडणारा, मागं ढोलताशे. पप्पू फिसकन हसला. “ह्यो तर मोबाईलमधला बिबट्या, राव,” म्हणाला आणि स्वतःच्या मोबाईलमध्ये शिरला. टिपू उसात शिरेपर्यंत दोघं चहाला उठले होते. शेवटी पप्पूनं मान वर करून विचारलं, “मेलं का मग ते कुत्रं?”

ते शब्द बानूबाईच्या काळजात रुतले. त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी तिनं स्नेहलला गाठलं.

“पोरी, असलं दाखवणार आसशील तर नगं दाखवू. जत्रंत हजार माणसं माझ्या टिपूला हसल्याली मला सोसायची न्हाईत.”

“आत्या, थ्रिलरमध्ये पहिल्या मिनिटालाच धक्का द्यावा लागतो. नाहीतर माणसं उठतात.”

“मग उठलीच की. आगं, बिबट्या काय वरडत येतो व्हय? आन एकदा दिसला का काय करायचं ते म्हाईत आसतं. काठी घ्यायची, बोंब ठोकायची. भ्या वाटतं ते न दिसलेल्याचं.”

स्नेहल लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आली होती, पण आपला जीव कुठल्या वाक्याला मुठीत येतो हे तिनं कधी तपासलं नव्हतं. तिनं विचारलं, “मग तू कुठून सुरुवात करतेस?”

संध्याकाळी मेंढरं जाळीच्या कुंपणात बसल्यावर बानूबाईनं भाचीला शेजारी बसवलं आणि डोळे मिटायला सांगितलं. रवंथ चालू होता. शंभर जबड्यांचा तो संथ, ओला आवाज.

“ह्यो आवाज हाय तवर समदं ठीक. त्या दिशी मी भाकर थापत व्हते आन ह्यो आवाज थांबला. शंभर तोंडं एका टायमाला. मग टिपूनं कान टवकारलं. बिबट्या लई मागनं आला.”

पुढच्या तीन संध्याकाळी स्नेहल माईक घेऊन मेंढरांत बसली. बिबट्याला तिनं सिनेमातून पार हाकलून दिलं.

यात्रेच्या दिवशी दिवे लागले तसं पटांगण भरलं. भेळेचे कागद, शेंगांची टरफलं, कलकलाट. बानूबाई पडद्याच्या पायाशी जाऊन बसली, तीही पडद्याकडं पाठ करून.

“आत्या, पडदा मागं आहे,” स्नेहल कुजबुजली.

“ठावं हाय. माझंच जगणं मी काय बघायचं? मी कळप बघते.”

कर्ण्यातून रवंथ सुरू झाला. मग भाकरी थापल्याचा आवाज. माणसं गप्पा मारत होती, खात होती. तिसऱ्या रांगेत पप्पू शेंगा फोडत होता. बोलणं हळूहळू कमी झालं. कुणी शिट्टी मारली नाही.

आणि रवंथ थांबला.

बानूबाईनं बघितलं, पटांगणातली तोंडंही थांबली. भेळेचा घास गालात तसाच. पप्पूच्या दातांत शेंग अडकलेली, फोडायची राहिलेली. अशी एका टायमाला थांबलेली तोंडं तिनं जन्मात एकदाच बघितली होती. तेव्हा ती थरथरली होती. आज तिचा ऊर भरून आला. आपल्याला जे येतं ते पुण्यातल्या शाळेतही शिकवत नाहीत, हे तिला त्या क्षणी पक्कं कळलं आणि त्याचा तिला मनापासून अभिमान वाटला.

टिपू उसात शिरला तेव्हा पुढं बसलेल्या एका बाईनं पदर तोंडाला लावला. हसलं कुणीच नाही.

ढोलकी कडाडली तरी पप्पू तमाशाकडं वळला नाही. मुठीतल्या शेंगा तशाच घेऊन तो बानूबाईपाशी आला आणि खाली बघत म्हणाला, “त्या कुत्र्याचं नाव टिपू व्हतं न्हवं?”

“टिपूच,” बानूबाई म्हणाली. तिची मान ताठ होती आणि डोळे भरले होते.