न कुजणारं जाळं

खालापूरच्या आमच्या मच्छीमार सोसायटीचा मी सेक्रेटरी होतो, म्हणजे अर्ज लिहिता येणारा एकटाच शहाणा. आमचा सभासद चांगो, त्याला नायलॉनचं जाळं मीच घ्यायला लावलं. साल चौसष्ट. आपली कोळंबी बोटीनं परदेशी जायची, तिकडून हा नायलॉनचा दोरा यायचा, आणि जाळ्याची निम्मी किंमत सरकार भरायचं. चांगोचं जुनं जाळं साध्या सुताचं, दरसाल ऐनाच्या सालीच्या रसात बुडवून जपलेलं. नवं तो नकोच म्हणत होता. "अरं, अर्धं फुकट ते अर्धं पौष्टिक," म्हणून मी त्याचा अंगठा घेतला.

पुढच्याच पुरात ते जाळं पाताळगंगेच्या डोहात गेलं. सुताचं असतं तर कुजून माती झालं असतं. हे कुजलं नाही. रोज सकाळी डोहावर मेलेले मासे तरंगायचे, आणि प्रत्येकाच्या गळ्याभोवती दोऱ्याचा वळ. धरणारा कुणी नव्हता, तरी ते धरत होतं. बायका तिथं पाणी भरेनात. चांगो ते मासे खायचा नाही, विकायचाही नाही, काठावर पुरायचा.

तिसऱ्या उन्हाळ्यात मासे तरंगायचे थांबले. गाव म्हणालं, सुटलो एकदाचे. चांगो मात्र पांढराफटक पडला.

"भाऊ, आतलं समदं संपलं. जाळं आजून जागंच हाय."

"खुळा का रं तू?" मी हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी तो जाळं कापायला कोयता घेऊन डोहात उतरला. दोनदा वर आला, तिसऱ्यांदा नाही. गळ टाकून ओढलं तेव्हा जाळं आणि चांगो एकत्रच आले. कोयता मुठीत होता. दोरा एकही तुटला नव्हता.

मत्स्य खात्याकडून तपासणीला आलेल्या साहेबानं जाळं ताणून पाहिलं आणि 'सुस्थितीत' असा शेरा मारला. मयत सभासदाचं जाळं वारसाला द्यायचं, असा नियम. मी नियमाचा बैल. ते खांद्यावर टाकून चांगोच्या बायकोकडे, सुंदराकडे निघालो. वाटेत ते सारखं नदीच्या बाजूला घसरायचं. सावरायला गेलो तर बोटं अडकली. मी जाम घाबरलो.

"फेकून देऊ का गं?" दारात पोचताच मी विचारलं.

तिनं ते उंबऱ्याच्या आत ओढलं आणि त्यावर बसली. "फेकलं तर पाण्यातच जाईल. मी हाय तवर कुनाला धरायचं नाय ते."

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मला पोर नाय, भाऊ. माझ्यामागं वारस म्हनून तुमचं नाव लिवा. आनलंत तुमीच."

मी लिहिलं.