हिमोपेक्सिनवाले काका

अख्ख्या सानपाड्यात कुणालाही एकट्याने घरी जाऊ न देण्याचा विडा उचललेला एकच माणूस आहे, आणि तो नेमका आमच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर राहतो. कॉलेजात जन्मभर बायोकेमिस्ट्री शिकवून रिटायर झालेले हे काका पाहुण्याला स्टेशनापर्यंत पोचवतात, कुरिअरवाल्याला गेटपर्यंत. मासळीवाल्या मावशीची तर टोपलीसुद्धा उचलू लागतात. "अवं काका, मी काय हरवनार हाय का?" ती करवादते. काका आपले चाललेलेच!

या खोडीचं मूळ म्हणजे हिमोपेक्सिन नावाचं प्रथिन. गणपतीत सोसायटीने त्यांना आरोग्यावर दोन शब्द बोलायला सांगितलं, तिथेही हीच गाडी सुटली. तांबड्या पेशीत लोह बाळगणारं हीम असतं. पेशीत असेतोवर गुणी बाळ! पेशी फुटली की मोकाट सुटतं, रक्तवाहिन्या भाजत, किडनीला छळत फिरतं. मग हिमोपेक्सिन त्याला घट्ट धरून लिव्हरपर्यंत पोचवतं. सिकलसेलमध्ये, मलेरियात मात्र पेशी इतक्या फुटतात की हिमोपेक्सिनच पुरं पडत नाही. आरती खोळंबली, मोदक गार झाले, आणि शेवटी एका काकूंनी विचारलं, "म्हणजे बीट खाऊ ना?" काकांनी कपाळावर हात मारला.

परवा एपीएमसी मार्केटमधून कांदे घेऊन येताना हे सोबत होतेच. मी वैतागून म्हटलं, "काका, पुरे हो! जाऊ द्या की लोकांना एकेकटं."

ते थांबले. "तुझ्या काकूच्याही पेशी अशाच फुटत होत्या रे. मी जन्मभर जे शिकवलं, तेच तिच्या अंगातून संपत चाललं होतं. आयसीयूत मला आत सोडलं नाही. एकटीच गेली."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "पोचवून झाल्यावर त्या हिमोपेक्सिनचं काय होतं हो?"

"आम्ही शिकवायचो, ते परत येतं, पुन्हा कामाला लागतं. आता म्हणतात, बरंचसं तिथंच संपतं." ते हसले. "सुटतं बिचारं. परत यावं लागत नाही."

मी त्यांना हाताला धरून आमच्याकडे जेवायला नेलं. पिठलं-भात मिटक्या मारत जेवले. निघाले तेव्हा मी चपला घालू लागलो, तर चक्क रागावले.

"नको. एकच तर जिना आहे."

"मग येतो की!"

"अरे, नको म्हणतो ना! दार उघडताना अजून 'आलो गं' म्हणतो मी. कुणी ऐकलं की लाज वाटते."

मी आपला दारातच उभा राहिलो. वर कुलूप उघडल्याचा आवाज आला. पुढचं कानावर पडू नये म्हणून मी पटकन दार लावून घेतलं.