शून्यावर टाळ्या

इथे परदेशात, क्लेटन या उपनगरातल्या मैदानावर आम्ही आयटीवाले क्रिकेट खेळतो. तिथलं पिच सांभाळणारे साठीचे गृहस्थ कुणी शून्यावर आउट झालं की उठून टाळ्या वाजवायचे. एकदा मीच पहिल्या बॉलला उडालो आणि चिडून त्यांच्याकडे गेलो.

ते हसले. "दोस्ता, मी दक्षिण आफ्रिकेसाठी एकच मॅच खेळलो. पहिल्याच बॉलला आउट. परत बोलावलंच नाही."

"वाईट नाही वाटत?"

"वाटायचं ना, खूप वर्षं. पण देशाचा शर्ट घालून पॅव्हेलियनपासून पिचपर्यंत चालत गेलो होतो. ते आठवलं की अजून छाती फुगते. टाळ्या त्या चालण्याला."

मग माझ्या हेल्मेटवर टपली मारून म्हणाले, "तुझी तर मजाच आहे. तुला पुढच्या शनिवारी परत बोलावणार!"