बाबांचा बसलेला घसा

पत्रकांतून देवाला मी पुष्कळ सुनावलेलं आहे. विहिरीवर माणसाला माणूस पाणी भरू देत नाही, तिथं हा काय करत बसतो, असं छापून वाटलंही आहे. त्यामुळं हे लिहिताना हात अडखळतो. पण घडलं ते घडलं.

माझे बाबा बुलढाण्याच्या कचेरीत नक्कलनवीस होते, सरकारी कागदांच्या नकला उतरवायचे. गळा गोड, असं आई सांगायची. मी कधी ऐकला नाही. गल्लीतल्या भजनात ते पार मागं, काढून ठेवलेल्या जोड्यांपाशी बसत. हातात टाळ, ओठ हलते, आवाज नाही. कुणी म्हणालं, "बाबूसाहेब, आज अभंग तुमी उचला," की ठरलेलं उत्तर, "घसा बसला हो." भजनाच्या आडून सभा भरतात, असा तेव्हा इंग्रज सरकारचा वहीम. साहेबाच्या कानावर गेलं तर नोकरी जाईल, हे बाबांचं भय. वीस वर्षं घसा बसलेलाच राहिला. भीतीला सोशिकपणा म्हणायची आपल्याकडं रीत आहे. साफ खोटी रीत! शेवटच्या दुखण्यात भिंतीकडं तोंड करून ते म्हणाले, "एकडाव उचलाले पाह्यजे होता बे." आजही कुठं टाळ वाजले की ते हलते ओठ दिसतात. राग येतो, अन् रडूही.

बाबा गेले त्याच्या पुढल्या वर्षी मी उंद्रीला गेलो. गावची विहीर सगळ्यांना खुली करा, हे पत्रक पारावर वाचायचं होतं. रिकाम्या घागरी घेऊन काही बाया लांब उभ्या होत्या, माझ्या भरवशावर. पाटील म्हणाला, "आमच्या पारावर बोलाचं असन तं आंधी अभंग उचला लागते. मंग वाचा तुमचं." समोर पोलीस जमादार, हातात वही. मी तोंड उघडलं आणि निघालं काय, तर "घसा बसला."

लोक हसले. पाराच्या कडेला एक म्हातारा मणियार बांगड्यांची टोपली घेऊन बसला होता. तो उठून जवळ आला.

"काऊन बे, तू बुलढाण्याच्या नक्कलबाबूचा पोरगा तं नाही? तोंड बी तेच, बहाना बी तेच!"

"हाव, चाचा."

"घाटात एकटाच गाये तुझा बाप. मले पाह्यलं का चूप. म्हने, घसा बसला! मंग एकडाव म्या झाडामांगं लपून ऐकलं. काय गळा होता, या अल्ला!"

आणि तिथंच उभा राहून तो ती चाल गुणगुणला. बाबांचा सूर मी असा पहिल्यांदा ऐकला, परक्याच्या गळ्यातून. शेवटच्या चरणापाशी तो थांबला. "फुडचं नाही येत मले. तेवढ्यात माह्या टोपलीतल्या बांगड्या वाजल्या, अन् तुझा बाप चूप झाला."

त्या चालीवरचा अभंग ठाऊकच होता. डोळे मिटून उचलला. बेसूर होतो, तरी मागून टाळ आले. शेवटच्या चरणाला मात्र पायाखाली काही नव्हतं. 'विठ्ठला, आता तूच,' एवढंच मनात आलं, आणि जसा सुचला तसा म्हटला. मग पत्रक वाचलं, अक्षर न गाळता. जमादारानं नाव लिहून घेतलं. विहीर त्या दिवशी खुली झाली नाही. पण एका बाईनं आपली रिकामी घागर नेऊन काठावर ठेवली, आणि ती कुणी फेकली नाही.

त्या दिवशी तिथं कसे आलात, असं चाचाला मागाहून विचारलं. "बाजार होता," म्हणाला. बाजाराला धाडणारा कोण, यावर मी वाद घातला नाही. नुसते हात जोडले.

तो अभंग आता मी गावोगाव उचलतो. शेवटच्या चरणाला अजून चाल नाही. दर खेपेला तो चरण विठ्ठलाच्या हवाली करतो आणि तोंड उघडतो.