किती पानं?

माझ्या बायकोच्या मामांइतका संतापी माणूस पुसदमध्ये तरी दुसरा झाला नाही. बाहेर कुठे झाला असेल, तर त्याची नि यांची गाठ पडली नाही हे जगाचं नशीब. मामाजी सकाळी उठत तेच कुणावर तरी चिडून. एसटी उशिरा आली की कंडक्टरवर, आणि वेळेवर आली की "आज काहून आली वेळेवर? रोज काय झालतं?" म्हणून पुन्हा कंडक्टरवरच. चहा गार असला तर चहावर, गरम असला तर बशीवर. उन्हाळ्यात ते सूर्याकडे असे रोखून बघत की मला सूर्याचीच काळजी वाटे. आमचं लग्न ठरवायला आले तेव्हा मला नखशिखांत न्याहाळून म्हणाले, "पोरगा वाईट नाही. पण याले राग येत नाही, हे काही खरं नाही." निदान अचूक होतं.

आमच्या मोहल्ल्याचं भांडीमंडळही त्यांच्या रागातूनच जन्मलं. मुलीच्या लग्नात त्यांनी एका बड्या घरचा गंज, म्हणजे पंगतीचं मोठं पातेलं, मागून आणला होता. पंगत बसली, वरणाला उकळी फुटली, आणि त्या घरचा गडी दारात हजर: "मालकानं गंज मांगतला, आत्ताच." वरण चार बादल्यांत ओतून मामाजींनी गंज परत केला आणि तिथल्या तिथे शपथ घेतली, की या मोहल्ल्यात पुन्हा कुणी भांड्यासाठी कुणाच्या दारात उभं राहणार नाही. मग घरोघरी भांडून जुनं तांबं-पितळ गोळा केलं, मोडीत घातलं आणि सहा मोठे गंज, पराती, झारे आणले. देणाऱ्याचं नाव एकाही भांड्यावर घालू दिलं नाही. "नाव पायजे तर आपल्या घरच्या लोट्यावर घाल!"

भांडी न्यायला आलेल्याला ते एकच प्रश्न विचारत, "किती पानं?" लग्न की तेरवी, घर कोणाचं, जात कोणती, काही नाही. पानं कळली की गंज ठरला. परत आलेल्या गंजावर टिचकी मारून, डोळे मिटून आवाज ऐकत, आणि मग "कोणं आपटला हा?" म्हणून अर्धा मोहल्ला डोक्यावर घेत. अध्यक्षाच्या खुर्चीवर अर्थातच मामाजी. मी या मंडळाचा सेक्रेटरी होतो, कारण माझं अक्षर चांगलं आणि तोंड बंद.

एके दिवशी नाल्यापलीकडचे मास्तर बहिणीच्या लग्नासाठी भांडी मागायला आले. ती वस्ती नुकतीच बौद्ध झाली होती.

"किती पानं?"

"दीडशे, मामाजी."

"न्या. पण वरण पातळ करू नका."

कमिटीनं तातडीची सभा भरवली. कुणीतरी म्हणालं, "त्यायच्या घरी शिजलेले गंज आपल्या चुलीवर कसे चढवाचे?"

"आजवर चढले तसेच!" मामाजी गरजले. "चूल कायले विचारते?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नेहमीप्रमाणे मधला मार्ग काढला. सुंदर अक्षरात लिहिलं, 'विषय पुढील सभेत.' पुढली सभा लग्नानंतर होती. अजूनही ते पान उघडलं की माझ्याच अक्षराची मला चीड येते.

मामाजींनी ते वाचलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ओरडले नाहीत. "लिहा, जावईबुवा. मी राजीनामा देऊन नाही राह्यलो. तुमाले सगळ्यायले काढून राह्यलो." मी तेही लिहिलं. किल्ली माझ्यापुढे ठेवून ते निघून गेले. कमिटी ऐटीत भांड्यांची खोली उघडायला गेली, तर आत एक झारा. तोही वाकडा. बाकी सगळं सकाळीच बैलगाडीतून नाला ओलांडून गेलं होतं.

लग्न झालं, भांडी चिंचेनं लखलखीत घासून परत आली, पण दोन महिने कुणी त्यांना हात लावेना. मग माझ्या धाकट्या भावाचं लग्न निघालं. कमिटीनं सुचवलं, गंज त्या बड्या घरून आणू. बायको एवढंच म्हणाली, "तो गंज दारात आला तर वरण तुमीच शिजवा." तिला भिऊन मी शूर झालो आणि मंडळाची भांडी काढली. चौघं न जेवता गेले. मामाजींनी भर पंगतीत मलाच भाजून काढलं, "चार पानं जास्त सांगतली! सेक्रेटरी म्हणवता?" पण गंजावर पळी आपटली तेव्हा ते डोळे मिटून आवाज ऐकत होते.

पुन्हा खुर्चीवर मात्र आले नाहीत. "काढलेल्यायनं बोलावलं म्हणून मी येऊ?" मी तीनदा विचारलं, तीनदा हेच उत्तर.

दोनेक वर्षांनी मामाजी गेले. त्यांच्या तेरवीची भांडी न्यायला मास्तर बैलगाडी घेऊन आले. मी कुलूप उघडलं आणि सवयीनं विचारलं, "किती पानं, मास्तर?"

त्यांनी नाल्याकडे बघितलं, मग आमच्या मोहल्ल्याकडे.

"सांगता येत नाही," ते म्हणाले. "सगळेच काढा."

मी तो वाकडा झारासुद्धा गाडीत घातला.